भंगारात काढण्याआधी लिनक्स

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे २०१६-१७ च्या सुमारास घेतलेले बहुतेक हलके लॅपटॉप अधिकृतपणे बाद ठरले. त्यांचा पडदा, कीबोर्ड, रॅम होती तशीच आहे; बदलला तो नियम. असे यंत्र भंगारात देण्याआधी त्यावर लिनक्स ही मोफत संगणक प्रणाली टाकून पाहायलाच हवे. विशेषतः स्वस्तातल्या हलक्या लॅपटॉपवर, कारण त्यांतल्या अनेकांत ३२ जीबीची ईएमएमसी मेमरी थेट बोर्डावर सोल्डर केलेली असते. ती काढून मोठी बसवता येत नाही आणि विंडोजचे मोठे अपडेट आले की जागाच पुरत नाही. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती २० जीबीत मावते, चार जीबी रॅमवर नीट चालते. शिवाय आधी काही पुसावे लागत नाही. पेनड्राइव्हवरूनच ती सुरू करून वायफाय लागतो का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का, हे तपासता येते. एखादी वायफाय चिप हटून बसतेच. ते इन्स्टॉल करण्याआधी कळलेले बरे.

टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्याने किंवा जुन्या फॉन्टवर डीटीपी करणाऱ्याने मात्र विंडोज सोडू नये. त्यांची अडचण खरी आहे. पण ब्राउझर, पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास एवढ्यासाठी लॅपटॉप वापरणाऱ्यांना ती लागू नाही. युनिकोड मराठी आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्सवरही आहेत. वाढीव सुरक्षा अपडेट घेऊन विंडोज १० वरच राहावे, असेही सुचवले जाते. घरगुती ग्राहकांसाठी ती सोय जाहीर झाली तेव्हा एका वर्षापुरतीच होती, म्हणजे प्रश्न फक्त पुढे ढकलला गेला.

‘बिघडले तर दुरुस्त कोण करणार?’ हा आक्षेप सर्वांत वजनदार. पण केरळच्या सरकारी शाळांत मुले कित्येक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आहेत, कारण तिथे आधी शिक्षकांना प्रशिक्षण दिले गेले. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचे मुख्यालय पुण्यात आहे, आणि याच संस्थेने ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणाली तयार केली आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांतले जुने लॅपटॉप निर्लेखित करण्याआधी पेनड्राइव्हची ही चाचणी सक्तीची करावी, आणि ती घेण्याचे प्रशिक्षण प्रत्येक तालुक्यात निदान एका शिक्षकाला द्यावे.