झाडू आधी, कीर्तन मागून

पूर्णा हे गाव मराठवाड्याला ठाऊक आहे ते रेल्वेचे जंक्शन म्हणून. मनमाड–सिकंदराबाद मार्गाला अकोल्याकडून येणारा मार्ग येथे मिळतो. गाडी थांबते, चहा घेतला जातो आणि चार घोटांपुरते आयुष्य लाभलेला पेला खिडकीतून रुळांवर पडतो. गावाच्याच नावाची नदी पुढे गोदावरीला मिळते आणि गोदावरी नांदेडला जाते. आपण ज्याला ‘फेकून दिले’ म्हणतो, ते पुष्कळदा पुढच्या गावाला पाठवलेले असते.

‘एकट्याने एक पेला वाचवून काय होणार?’ हा प्रश्न वर्गात आणि वर्गाबाहेर आम्हाला नेहमी ऐकू येतो. तो अगदीच पोकळ नाही. वेष्टनांचे उत्पादक आणि नगरपालिका यांना मोकळे सोडून सारा भार नागरिकाच्या सद्वर्तनावर टाकणे, ही लबाडीच होय. परंतु केवळ वरून आलेल्या हुकुमानेही भागत नाही. रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी २००४ साली फलाटांवर कुल्हड आणण्याचे ठरवले. ते फार काळ टिकले नाहीत. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी झाली, तरी बाजारातून पातळ पिशव्या गेल्या नाहीत.

येथे गाडगेबाबांची (१८७६–१९५६) आठवण होणे साहजिक आहे. फुटके गाडगे, चिंध्यांचा अंगरखा आणि हाती झाडू. लोकांनी टाकाऊ ठरवलेल्या वस्तूंवर या माणसाने जन्म काढला. गावात शिरले की ते आधी झाडू हाती घेत, कीर्तन रात्री. या क्रमातच त्यांची शिकवण आहे. एकट्याच्या झाडूने गाव कायमचे स्वच्छ होत नाही, हे त्यांना कळत नव्हते असे नव्हे. पण स्वतः झाडल्यामुळे त्यांना इतरांना बोलण्याचा अधिकार मिळत होता आणि झाडणे हे ‘दुसऱ्याचे काम’ उरत नव्हते.

आमच्या मते हाच कळीचा मुद्दा आहे. कचऱ्याचा प्रश्न आपल्याकडे जातीचाही प्रश्न आहे. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्याही प्रामुख्याने दलित. ओला-सुका कचरा घरातच वेगळा करणे २०१६ च्या नियमांनी बंधनकारक केले. तरीही आपण तो एकत्र बांधून देतो, तेव्हा तो चिवडण्याचे काम याच हातांवर लादतो. एका घराने कचरा वेगळा केल्याने पृथ्वी वाचणार नाही. त्या दिवशी एका बाईचे हात मात्र घाणीत जाणार नाहीत. हा परिणाम लहान म्हणता येईल, खोटा म्हणता येणार नाही.

आपल्या साहित्यिक कार्यक्रमांतही पर्यावरणावरील भाषण संपते आणि वक्त्याच्या हाती प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पुष्पगुच्छ येतो. टेबलावर अर्धवट प्यालेल्या बाटल्या उरतात. पुढच्या परिसंवादापूर्वी पाण्याचा माठ आणि धुऊन ठेवलेले पेले यांची व्यवस्था करावी. मग विषयपत्रिका छापावी, तीही पाठकोऱ्या कागदावर.