पासवर्ड चुकल्यावर काय दाखवता?

वेबसाइट बनवणारे लॉगिनचं पान मन लावून सजवतात. पासवर्ड चुकला तर काय दिसेल, हे मात्र बहुतेक वेळा सर्व्हरवर सोडून देतात. मग टॉमकॅटसारखा जावा सर्व्हर आपलं ठरलेलं पान पुढे करतो: वर 'एचटीटीपी स्टेटस 401 – अनऑथराइझ्ड', मध्ये इंग्रजी मजकूर, तळाला सर्व्हरचं नाव आवृत्तीसकट. वेळणेश्वरला घरगुती निवास चालवणाऱ्या बाईंना यातून काय कळणार? चोराला मात्र कोणत्या आवृत्तीची पळवाट शोधायची, ते आयतंच कळतं.

म्हणून हे पान आपणच लिहावं, आणि मराठीत. पण जपून. 'हा मोबाइल नंबर नोंदलेला नाही' असं सांगणं मदतीचं वाटतं. प्रत्यक्षात शेकडो नंबर टाकून बघणाऱ्याच्या हाती आपण खातेदारांची यादी देतो. 'नंबर किंवा पासवर्ड चुकला आहे' एवढं पुरे. खाली 'पासवर्ड विसरलात?' ही लिंक हवी, आणि तिथलं उत्तरही तसंच: 'नंबर नोंदलेला असेल तर ओटीपी पाठवला आहे.'

पाच वेळा चुकलं की खातं बंद, हा नियमही मला पटत नाही. ऐन मे महिन्याच्या हंगामात कुणीही मुद्दाम चुकीचे पासवर्ड टाकून बाईंचं बुकिंग अडवू शकतो. त्यापेक्षा प्रत्येक चुकीनंतर थोडं जास्त थांबायला लावावं. खऱ्या मालकाचं फारसं बिघडत नाही, यंत्राने पासवर्ड ओतणाऱ्याचा मात्र वेग मोडतो.

आता कोडकडे. अपाचे या वेब सर्व्हरमध्ये 'एररडॉक्युमेंट 401' पुढे आपल्याच सर्व्हरवरच्या पानाचा मार्ग द्यावा. 'एचटीटीपी'पासून सुरू होणारा पूर्ण पत्ता दिला, तर ब्राउझरला 401 न मिळता दुसरीकडे जाण्याचा आदेश मिळतो. पासवर्ड विचारायचा आहे हे त्याला कळतच नाही. जावात गंमत वेगळी. 'वेब डॉट एक्सएमएल'मध्ये 401 साठी सुंदर 'एरर-पेज' लिहिलं, तरी फॉर्म लॉगिन फसल्यावर ते उघडत नाही. कारण तिथे 'फॉर्म-एरर-पेज' हे वेगळं पान नेमावं लागतं आणि सर्व्हर ते 200 या यशाच्या क्रमांकाने पाठवतो. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी रात्रभर चुकीच्या ओळीशी झगडत बसतो.

वेळणेश्वरलाच 2012 पासून मुंबई विद्यापीठाशी संलग्न महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या आणि सगळ्याच महाविद्यालयांतल्या परीक्षकांना एक विनंती: प्रोजेक्ट तपासताना आधी चुकीचा पासवर्ड टाका, आणि जे पान उघडेल त्यालाही गुण ठेवा.