रक्तातलं लोह आणि मनगटावरचं कडं

बोईसर-पालघरच्या बाजारात चुंबकाची कडी मिळतात. विकणाऱ्याचा युक्तिवाद बिनतोड वाटावा असा: रक्तात लोह असतं, लोहाला चुंबक ओढतो, म्हणजे कडं घातलं की रक्ताभिसरण सुधारणारच!

मग तारापूर एमआयडीसीतल्या पोलाद कारखान्यांत भंगाराचे ढीग उचलणाऱ्या क्रेनच्या चुंबकाकडे कामगारांचं रक्त का धावत नाही? कारण रक्तातलं लोह म्हणजे खिळ्यांचा चुरा नव्हे. प्रौढाच्या अंगात ते जेमतेम तीन-चार ग्रॅम. त्यातलं बरंचसं हिमोग्लोबिनमध्ये, एकेक अणू सुटा, प्रथिनाच्या घडीत बसवलेला. खिळ्यातले अणू एकजुटीनं एका दिशेला वळतात. इथे ती एकजूटच नाही.

पण ‘रक्ताचा नि चुंबकाचा संबंधच काय?’ असं ठोकून देणारे आमचे विवेकवादी मित्रही घाईच करतात. शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेनं ८ नोव्हेंबर १८४५ रोजी वाळलेलं रक्त तपासलं आणि ताजं, पातळ रक्तही तपासायला हवं अशी नोंद केली. ते राहूनच गेलं. १९३६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी दाखवलं, की प्राणवायू घेतलेल्या हिमोग्लोबिनला चुंबक किंचित दूर लोटतो. प्राणवायू सुटला की तेच चुंबकाकडे ओढलं जातं, कारण तेव्हा प्रत्येक लोह-अणूवर चार इलेक्ट्रॉन जोडीविना असतात. गंमत म्हणजे प्राणवायूही एरवी चुंबकाकडे ओढला जाणारा. दोघं भेटले की दोघांचंही चुंबकत्व गायब! हा फरक नाजूक तराजूवरच दिसतो, कड्याच्या तो गावीही नसतो. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत समरेश मित्रा यांनी लोह-पॉर्फिरिनच्या, म्हणजे हिमोग्लोबिनमध्ये लोह ज्या प्रकारच्या संयुगात बसलेलं असतं त्याच्या, चुंबकत्वाचा अभ्यास केला. १९९० मध्ये सेइजी ओगावांनी हिमोग्लोबिनच्या चुंबकत्वातल्या याच फरकावरून एमआरआयमध्ये मेंदूतल्या रक्ताचा प्राणवायू टिपला. उपचार त्यातही नव्हता.

पालघरला यातलं जवळचं म्हणाल, तर सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार. त्यात प्राणवायू सुटला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते, हे ऐकताच पॉलिंगचा संशय हिमोग्लोबिनवर गेला; प्राणवायू येता-जाता त्याचं रूप पालटतं हे त्यानं चुंबकानं मोजलेलंच होतं. १९४९ मध्ये त्यानं आणि सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचं सिद्ध केलं. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर उपयोगी पडते ती त्या वाटेवरची तपासणी: रक्ताचा थेंब प्राणवायू काढून घेणाऱ्या द्रावणात टाकायचा, नळीमागच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या तर विजेच्या साहाय्यानं हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारं इलेक्ट्रोफोरेसिस करायचं, म्हणजे माणूस वाहक की रुग्ण ते कळतं. कड्यावर खर्च करणाऱ्यांनी लग्नाआधी एवढी तपासणी मागून घ्यावी.