विश्लेषण : पायथनची जुनी आवृत्ती, रांजणगावातला विंडोज ७ आणि कुणीतरी जपून ठेवलेलं एक पान

कॉलेजातल्या मित्राचा गेल्या महिन्यात फोन आला. तो रांजणगाव एमआयडीसीत, मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये मेन्टेनन्सला आहे. तिथे मोजमापाच्या मशीनला जोडलेला एक कॉम्प्युटर आहे, त्यावर विंडोज ७. मशीन प्रत्येक शिफ्टला आकड्यांची एक फाइल देतं आणि ती हाताने एक्सेलमध्ये उतरवण्यात एका माणसाचा अर्धा तास जातो. मित्राने पायथनमध्ये वीसेक ओळींचा प्रोग्राम लिहिला, लॅपटॉपवर चालवून पाहिला आणि पेनड्राइव्ह घेऊन मशीनपाशी गेला. पायथनचा नवा इन्स्टॉलर म्हणाला, विंडोज जुनं आहे, चालणार नाही.

‘विंडोज ७ साठी पायथन ३.८’ एवढं त्याने कुठेतरी वाचलं होतं. म्हणून ३.८ मालिकेतली सगळ्यात शेवटची आवृत्ती शोधली, ३.८.२०. तिथे विंडोजसाठी फाइलच नाही. मग मला फोन.

‘अरे, ३.८.१० घे,’ मी म्हटलं.

‘वीस मोठं ना? मग दहा कशाला?’

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावर ३.८.१० च्या पानावर मे २०२१ पासून लिहिलेलं आहे. माझं म्हणणं या पानाबद्दल आहे. नवी आवृत्ती आली की बातमी होते. पण त्या बातमीचं पान पुढे वर्षानुवर्षं नीट ठेवणं हे जास्त महत्त्वाचं काम आहे, आणि त्याची दखल फारशी कुणी घेत नाही.

दहा आणि वीसचा घोळ काय आहे?

पायथनची प्रत्येक मोठी आवृत्ती साधारण पाच वर्षं सांभाळली जाते. सुरुवातीच्या काळात चुका दुरुस्त करून तयार इन्स्टॉलर दिले जातात. ३.८ साठी हा काळ दीड वर्षाच्या आसपास होता, ३.१३ पासून तो दोन वर्षांचा केला आहे. त्यानंतर फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या होतात आणि त्याही मूळ सोर्स कोडच्या रूपात. डबल क्लिक करून बसवता येईल असं काही मिळत नाही.

३.८ ही ऑक्टोबर २०१९ मध्ये आली. ३ मे २०२१ ला आलेली ३.८.१० ही तिची शेवटची नियमित आवृत्ती. त्या पानावर स्पष्ट म्हटलंय, की यापुढे ऑक्टोबर २०२४ पर्यंत सुरक्षेपुरत्या आवृत्त्या येतील आणि त्या केवळ सोर्स स्वरूपात असतील. म्हणजे ३.८.११ पासून ३.८.२० पर्यंत सगळं आहे, पण शॉपफ्लोअरवरच्या माणसाला त्याचा उपयोग नाही. त्याच्यासाठी शेवटचा थांबा दहा.

मग ३.९ का नाही? पायथनचा नियम असा, की नवी मोठी आवृत्ती येते त्या दिवशी मायक्रोसॉफ्ट विंडोजच्या ज्या आवृत्त्यांना आधार देत असेल, त्यांच्यासाठीच ती बनते. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. ३.८ त्याच्या तीन महिने आधी आली म्हणून विंडोज ७ वर चालते. ३.९ ऑक्टोबर २०२० मध्ये आली, ती चालत नाही. विंडोज एक्सपीचं असंच ३.४ वर थांबलं, आणि त्यातही तयार इन्स्टॉलर असलेली शेवटची ३.४.४.

हा सगळा हिशेब कुणी डोक्यात ठेवत नाही, ठेवायची गरजही नाही. डाउनलोडच्या यादीत त्या त्या आवृत्तीखाली एक ओळ असते, अमुक पायथन विंडोज ७ किंवा त्याआधीच्या विंडोजवर वापरता येणार नाही. ती ओळ दिसली की काम झालं. (मित्राला ती दिसली नव्हती, कारण तो मोबाइलवर घाईत स्क्रोल करत होता. आपण सगळेच करतो.)

जाता जाता, आकड्यांचा आणखी एक सापळा. आवृत्तीचा आकडा दशांश अपूर्णांक नसतो. ३.१० ही ३.९ च्या नंतरची. काही सेटिंग फाइल्समध्ये ३.१० अवतरणचिन्हाशिवाय लिहिलं, की कॉम्प्युटर त्याला ३.१ समजतो. २०२१ मध्ये ३.१० आल्यावर यात भले भले फसले.

हे पान बनवतं कोण?

प्रत्येक मोठ्या आवृत्तीला एक रिलीज मॅनेजर असतो. ३.८ आणि ३.९ साठी लुकाश लांगा होते, ३.१० आणि ३.११ साठी पाब्लो गॅलिंडो साल्गाडो, ३.१२ आणि ३.१३ साठी थॉमस वाउटर्स, ३.१४ साठी ह्युगो व्हॅन केमेनाडे. आवृत्ती बाहेर काढायची पद्धत ‘पेप १०१’ या दस्तऐवजात लिहून ठेवली आहे. कोड गोठवणं, विंडोज आणि मॅकसाठीच्या फाइल्स त्या त्या माणसाकडून घेणं, त्या अपलोड करणं, आणि मग पान. पानावर काय नवं, कुणासाठी, पुढचं वेळापत्रक काय, हे असतंच. शिवाय प्रत्येक फाइलसमोर तिचा चेकसम असतो, म्हणजे त्या फाइलचा ठसा. डाउनलोड केलेल्या फाइलचा ठसा पानावरच्याशी जुळला, की फाइल वाटेत अर्धवट राहिलेली नाही हे कळतं. मुद्दाम केलेली छेडछाड पकडायला त्याहून पक्की व्यवस्था लागते, ती आता नव्या पानांवर डिजिटल स्वाक्षऱ्यांच्या रूपात असते.

हे काम रुक्ष आहे आणि करणाऱ्यांना ते ठाऊक आहे. म्हणून ते मधूनच मजा करतात. पाब्लो यांनी त्यांच्या घोषणांच्या तळाशी कृष्णविवरांबद्दल लिहिलं, ते त्या विषयातले भौतिकशास्त्रज्ञ. ३.१४ च्या घोषणांमध्ये ‘पाय’बद्दलचे किस्से होते, ते ओघानेच आलं.

पण मला सगळ्यात भावलेलं पान ३.९.४ चं. २ एप्रिल २०२१ ला ३.९.३ बाहेर आली. तिच्यात नकळत एक गडबड झाली होती. आधीच्या ३.९ साठी बनवलेली काही सी एक्स्टेंशन्स ३२ बिट कॉम्प्युटरवर कोसळू लागली. दोन दिवसांत ती मागे घेतली आणि ३.९.४ दिली. नव्या पानावर हे सगळं लिहिलंय : काय चुकलं, कुणाला फटका बसू शकतो, मागे घ्यायचा निर्णय कुणी घेतला. तोच आकडा ठेवून गुपचूप फाइल बदलता आली असती. तसं केलं असतं तर ३.९.३ नावाच्या दोन वेगवेगळ्या फाइल्स जगभर फिरत राहिल्या असत्या आणि कोणाकडे कुठली आहे हे कोणालाच कळलं नसतं.

इथे मला आमच्याच धंद्याकडे बोट दाखवावं लागेल. डिजिटल डेस्कवर बातमीची लिंक तीच ठेवून शीर्षक बदलणं, आकडा दुरुस्त करणं, कधी एखादा परिच्छेदच काढणं रोज चालतं. वर ‘अपडेटेड’ची वेळ येते, पण काय बदललं ते येत नाही. सकाळी वाचलेला वाचक संध्याकाळी दुसरीच बातमी पाहतो आणि त्याला वाटतं, आपणच चुकीचं वाचलं. मीही हे केलंय.

सूचना आणि परिपत्रकांचं तेच. ‘सुधारित’, ‘अंतिम सुधारित’, ‘शुद्धिपत्रक’ अशा नावांच्या पीडीएफ येतात, जुनी गायब होते, लिंक उघडली तर पान सापडत नाही. परीक्षेच्या काळात विद्यार्थी कुठली खरी हे व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारत बसतात.

जुनं काढूनच टाकलं तर?

याचा युक्तिवादही आहे आणि तो पोकळ नाही. जुन्या आवृत्तीत सुरक्षेच्या उघड त्रुटी असतात. पान दिसलं की लोक ती वापरत राहतात. ३.८ ला ऑक्टोबर २०२४ नंतर कोणतीही दुरुस्ती मिळत नाही आणि विंडोज ७ तर त्याहून जुनं. असा कॉम्प्युटर इंटरनेटला जोडू नये, यात दुमत नाही.

पण पान काढल्याने विंडोज ७ जात नाही. मशीनचं सॉफ्टवेअर त्याच विंडोजवर चालतं, नवं घ्यायचं तर मशीनच्या कंपनीकडून घ्यावं लागतं आणि छोट्या युनिटला ते एका फटक्यात जमत नाही. अधिकृत पान नसेल तर मेन्टेनन्सवाला गुगलवर ‘फ्री डाउनलोड’ शोधेल. तिथे मिळणाऱ्या फाइलचा ठसा कशाशी जुळवणार? जुनं पान ठेवायचं आणि त्यावर ‘ही आवृत्ती आता सांभाळली जात नाही’ असं ठळक लिहायचं, हा मार्ग मला जास्त सुरक्षित वाटतो.

शिकण्याच्या बाजूनेही तेच. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पायथनच्या एका धडेमालिकेचं नावच ‘पायथन ३.४.३’ आहे. धडा एकदा रेकॉर्ड झाला की गोठतो. त्यात दिसतं तसंच स्वतःच्या पडद्यावर दिसावं असं वाटणाऱ्याला २०१५ ची ती आवृत्ती मिळायला हवी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने २०१९ च्या अभ्यासक्रमात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षालाच पायथन आणली. आमच्या वेळी सी होती, आणि तीही निळ्या पडद्याच्या टर्बो सीमध्ये. ती फाइल सीनियरच्या पेनड्राइव्हवरून यायची. मूळ कुठली, कुणी बदललेली, कोण जाणे.

पायथनच्या संकेतस्थळावर २००० साली आलेल्या २.० चं पानही सापडतं. २०१४ मध्ये सगळं संकेतस्थळ नव्याने बांधलं, तरी जुन्या घोषणा सोबत आणल्या. २.७ ची शेवटची आवृत्ती २.७.१८, २० एप्रिल २०२० ची. तिचं पानही तिथेच आहे आणि ती शेवटची असल्याचं त्यावर लिहिलेलं आहे.

एक तक्रार मात्र आहे. ‘विंडोज ७ वर आहात? मग ३.८.१० घ्या’ असं थेट वाक्य मुख्य डाउनलोड पानावर नाही.  माहिती आहे, पण ती विंडोजच्या लांबलचक यादीत विखुरलेली. मोबाइलवर ती यादी म्हणजे अंगठ्याचा व्यायाम. एका लिंकने हे सुटेल.

मित्राने घरी लॅपटॉपवर ३.८.१० ची ३२ बिट फाइल उतरवली, चेकसम जुळवला आणि दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्हवरून बसवली. विंडोजवर सर्व्हिस पॅक १ आहे का ते आधी पाहून घेतलं, नाहीतर तीही बसत नाही. आता फाइल थेट एक्सेलमध्ये जाते. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर त्याने मास्किंग टेप लावून मार्करने लिहिलंय : पायथन ३.८.१०, ३२ बिट, नेट जोडू नये. मी त्याला खाली बसवल्याची तारीखही लिहायला सांगितली आहे.