फुकट म्हणजे बेवारस नव्हे

ज्या संगणकाचे उत्पादन १९९२ सालीच बंद पडले, त्याच्यासाठी आज कोणी हौसेने नवा खेळ लिहिला, तर त्याने पैसे मागावेत की तो फुकट वाटावा? प्रश्न वरकरणी रिकामटेकड्यांचा वाटेल. पण जुन्या यंत्रांच्या नादिष्टांत त्यावरून हमरीतुमरी होते, आणि ती ऐकताना हे लोक आपल्याच घरातल्या गोष्टीबद्दल भांडत आहेत, असे मला वाटत राहते.

हे यंत्र म्हणजे क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा झेडएक्स स्पेक्ट्रम. १९८२ साली तो ब्रिटनमध्ये आला. त्याची स्मरणशक्ती १६ किंवा ४८ केबी. आजच्या मोबाइलवरचा एक फोटोही तिच्यात मावणार नाही. प्रोग्रॅम असायचा गाण्याच्या कॅसेटवर. टेपरेकॉर्डर जोडायचा, कर्कश चिरचिर ऐकत काही मिनिटे बसायचे, आणि शेवटच्या क्षणी काही बिनसले तर पुन्हा पहिल्यापासून! डेसिबेल्स नावाच्या कंपनीने या यंत्राची आवृत्ती आपल्याकडेही विकली होती.

आजही जगभरची मंडळी रात्री जागून या यंत्रासाठी खेळ लिहितात. बरेच जण ते फुकट देतात. काही जण फुकट देऊन वर शौकिनांसाठी सुबक डबीतली कॅसेट विकतात. एक पक्ष म्हणतो, हौसेला मोल कसले? दुसरा म्हणतो, सहा महिन्यांच्या रात्री घातल्या, चहापाण्याचे तरी मागू नये का?

मी नोकरीभर बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजले आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. त्यामुळे माझे मन मागणाऱ्याकडे झुकते. लग्नाच्या जेवणावळीवर लाखो उधळणारा गृहस्थ मराठी लेखकाला हसत हसत म्हणतो, ‘एक प्रत द्या की सहीची!’ फुकट मागायचे ते नेमके हौशी माणसाकडेच, असा आपल्याकडे प्रघातच आहे. १९७६ साली विशीतल्या बिल गेट्स यांनी संगणकाच्या छांदिष्टांना उघडे पत्र लिहिले आणि प्रोग्रॅमच्या फुकट नकला करणाऱ्यांना चोर ठरवले. पत्राचा सूर उद्धट होता, पण कष्टाचे मोल कोण देणार, हा त्यातला सवाल खोटा नव्हता.

तरीही माझी खरी तक्रार किमतीशी नाही, कुलपाशी आहे.

नव्वदच्या दशकात मराठी छपाई संगणकावर आली, तेव्हा ज्याचा त्याचा फॉन्ट आणि ज्याची त्याची सांकेतिक मांडणी होती. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती, पण आपल्या छापखान्यांत इंग्रजी अक्षरांच्या खणांत मराठी अक्षरे कोंबलेली असत. तो फॉन्ट नसेल तर ‘आई’ या शब्दाचीही खिचडी दिसे. शिवाय कित्येक पॅकेजे संगणकाच्या पाठीला छोटे कुलूप, म्हणजे डोंगल, लावल्याशिवाय चालत नसत. माझ्या दोन कादंबऱ्या अशाच कुलपात राहिल्या. जुळणी करणारे दुकान बंद झाले, संगणक भंगारात गेला, फ्लॉप्या माझ्या कपाटात उरल्या. पुढे एका हौशी तरुणाने ती लिपी उलगडणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. माझ्याकडून त्याने पाचशे रुपये घेतले आणि मी ते आनंदाने दिले. पण सोबत त्याने कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, याचा अख्खा तक्ताही दिला. उद्या तो नसला तरी कोणीही माझी पाने वाचू शकेल.

कंपन्यांनाही हे जमते. २००३ साली ‘आकृती’च्या निर्मात्यांनी भारतीय भाषांचे काही फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले. स्पेक्ट्रमचे हक्क १९८६ साली विकत घेणाऱ्या ॲमस्ट्रॅडने १९९९ साली त्या यंत्राच्या पोटातला मूळ प्रोग्रॅम हौशींना वापरू दिला. मालकी सोडली नाही, दार मात्र उघडले.

आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचे, जिभेला सवय व्हायची आहे) हिवरे बाजारला हा हिशेब गावपातळीवर कळलेला आहे. पाऊस जेमतेम. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, सरकारी योजनांच्या जोडीला श्रमदान झाले, बांध घातले गेले, पाणी मुरले. त्या श्रमदानाचे बिल कोणी लावले नाही. पण म्हणून पाणी बेवारस झाले नाही. पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडून आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढतात, मग पिकांचे ठरते. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही. आणि त्याच पाण्यावरचे दूध नि कांदा शेतकरी बाजारभावाने विकतो. पाणी गावाने अडवले म्हणून दूध फुकट द्या, असे त्याला कोणी म्हणत नाही.

हौशी प्रोग्रॅमकाराने खेळ खुशाल विकावा. त्याची मूळ संहिता मात्र कुठेतरी उघडी असावी. आपला कायदा प्रोग्रॅमला साहित्यकृतीच मानतो. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो. यंत्र दहा वर्षांत मरते, कुलूप पुढे तीन पिढ्या शाबूत! बँकेत खाते उघडणाऱ्याला आम्ही पहिले विचारायचो, वारस कोण लावता? कित्येकांना तो प्रश्न अभद्र वाटायचा. आता प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोरांनाही मी तोच विचारतो. त्या तरुणाने पुढच्या आठवड्यात आपल्या प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळीत धाकट्या बहिणीचे नाव घातले.