वरवरचे म्हणून

नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या चौकात, तीन उन्हाळ्याच्या सुट्ट्या खर्ची घालून, आम्ही काही मित्रांनी प्लायवूडची एक अकरा फुटी होडी बांधली. (दरवाजाची रुंदी आधी मोजली होती, हे शंकेखोर वाचकांसाठी.) बांधणीविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. नकाशे हाती होते, त्यांबरहुकूम आम्ही कापत आणि जोडत गेलो. अडलो ते शेवटी, रंगापाशी. आणि तेही आधी शब्दासाठी. पाण्याच्या रेषेपासून काठापर्यंत होडीची जी उघडी बाजू असते, किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला जी ‘होडी’ म्हणून दिसते, तिला मराठीत काय म्हणायचे? आम्ही सारे मराठी शिकवणारे किंवा शिकणारे, पण एकालाही शब्द सुचेना. अखेर ‘वरची बाजू’ असे म्हणू लागलो.

शब्द शोधायला दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ काढला. १९३२ ते १९३८ या काळात याच पुण्यात सिद्ध झालेला हा सात खंडांचा कोश. हवा तो शब्द आम्हांला त्यात सापडला नाही, पण ‘नाविक’ अशी खूण केलेले शब्द पानोपानी भेटत राहिले. नाळ, परबाण, दामण, गोस. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या अलीकडे बसलेल्या कोशकारांनी खलाशांचे हे शब्द टिपून ठेवले, याचे नवल वाटले. त्याहून अधिक नवल याचे की मराठी साहित्याची पदवी घेताना यांतला एकही शब्द आमच्या वाटेला आला नव्हता.

वास्तविक मराठी साहित्याच्या वर्गात होड्यांची वाण नाही. भवसागर आहे, पैलतीर आहे, नावाडी आहे, संसाराचे तारू आहे. पण या होडीला फळ्या नसतात, ती गळत नाही, तिला वास येत नाही. दोष कवींचा नव्हे. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायातले मायानदीचे रूपक घ्या. ते मनात ठसते, कारण त्यातली नदी आधी नदी आहे. तिला पूर आहे, भोवरे आहेत, ती ओलांडू पाहणाऱ्यांची फजिती आहे. आम्ही मात्र वर्गात पहिल्याच मिनिटाला ‘नदी म्हणजे माया’ असे फळ्यावर लिहून नदी कोरडी करून टाकतो. पुलंनी १९६५ साली हेमिंग्वेची कादंबरिका ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली. त्या पुस्तकावरच्या चर्चेतही म्हाताऱ्याची जिद्द आणि मानवी पराभव यांवर सारे बोलतात. त्याच्या होडीविषयी कोणी प्रश्न विचारल्याचे आम्हांला तरी आठवत नाही.

रंगाचे काम सुरू झाले तेव्हा पेठेतलेच एक वयस्कर रंगारी आम्हांला मदतीला लाभले. त्यांनी उभा जन्म कपाटे, खिडक्या आणि कठडे रंगवले होते. होडी कधी रंगवली होती का, असे विचारल्यावर म्हणाले, “कपाट असो की होडी, लाकडाला काय ठाऊक सर?” मग त्यांनी आम्हांला घासायला बसवले. रंगाचे काम बहुतांशी घासण्याचे आणि लांबी भरण्याचे असते, रंग लावण्याचे थोडे, हे तेव्हा कळले. (त्यांची नेहमीची लांबी पाण्यात टिकली नसती, म्हणून इपॉक्सीची वापरली, हा बदल त्यांनी नाखुशीने मानला.) अस्तराचा हात, पुन्हा घासणे, पहिला हात, पुन्हा घासणे. रंग जितका तकतकीत आणि गडद, तितका खालचा प्रत्येक उंचसखलपणा उघडा पडतो. आम्हांला गडद निळा हवा होता. मामांनी पत्र्याच्या तुकड्यावर तो लावून तिरप्या उन्हात धरला आणि काही न बोलता आमच्याकडे पाहिले. आम्ही पांढऱ्यावर आलो. गडद रंगाची बाजू उन्हात जास्त तापते, सांध्यांना ते सोसत नाही, हे व्यावहारिक कारण आम्ही मागाहून शोधले.

आमच्या लेखाचा मुद्दा इथून सुरू होतो. मराठी समीक्षेत एखाद्या कृतीला खाली ओढायचे असेल तर जे शब्द हाताशी असतात ते असे: वरवरचे, रंगरंगोटी, मुलामा, कल्हई. गाभा खरा आणि वरचा थर दिखाऊ, असे या शब्दांमागचे गृहीतक आहे. कल्हई दिखाऊ? पितळेच्या पातेल्यात केलेल्या आंबट आमटीला विचारावे. कल्हई नसेल तर ती कळकते. होडीचेही तेच. लाकूड कुजते ते मुख्यतः गोड्या पाण्याने, म्हणजे फटीत साचून राहिलेल्या पावसाने. खारे पाणी त्या मानाने लाकूड जपते. पाण्याखालच्या भागाचे शत्रू निराळे, लाकूड पोखरणारे आणि बुडाला चिकटणारे जीव. त्यांसाठी लेपही निराळा. वरच्या बाजूला ऊन आणि पाऊस आलटून पालटून खातात, आणि तिथे रंगाच्या त्या पातळ थराखेरीज कोणी राखणदार नसतो. जलरेषेच्या वर एक रंग आणि खाली दुसरा, ही सजावट नाही. दोन वेगळ्या संकटांना दिलेली ती दोन वेगळी उत्तरे आहेत.

मर्ढेकरांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’ १९५५ साली आले. आशय आणि घाट यांची फारकत करता येत नाही, हे आपण तेव्हापासून परीक्षेत लिहीत आलो आहोत. पण त्याच उत्तरपत्रिकेत कादंबरीवरचे उत्तर कसे असते? कथानक, पात्रे, वातावरण, आणि वेळ उरला तर शेवटी चार ओळी ‘भाषाशैली’. शैली म्हणजे शेवटचा हात. तपासणारे आम्हीच, त्यामुळे तक्रार दुसऱ्या कोणाकडे करता येत नाही.

याची उलट बाजूही आहे, आणि ती आमच्या युक्तिवादाला अडचणीची आहे. फायबरच्या होडीत रंग शेवटी येतच नाही. साच्याला आधी मेण, त्यावर रंग मिसळलेला जेलकोट, मग काचतंतू आणि रेझिनचे थर. साच्यातून काढली की होडी रंगीतच बाहेर येते. त्वचा आधी, अंग मागाहून. साचा एकच, त्यामुळे प्रत्येक होडी गुळगुळीत आणि सारखी. आजची पुष्कळशी चांगली म्हणवली जाणारी कथा आम्हांला अशीच भेटते. तिथे शैली गाभ्यापासून वेगळी काढता येत नाही हे खरेच, पण त्याचे श्रेय साच्याला.

कोकणात १ जूनला मासेमारीची बंदी सुरू झाली की होड्या किनाऱ्यावर चढतात, आणि दर्यावर परतण्याआधी त्यांना नवा रंग मिळतो. काजूच्या टरफलाचे काळे तेल लाकडाला पाजण्याची रीत जुनी, ऑइलपेंट त्यानंतरचा. कोणता पट्टा कोणत्या रंगाचा, एकवीरेचे नाव कुठे, अक्षराला सावली द्यायची की नाही, हे त्या त्या घराचे निर्णय असत. २००८ साली मुंबईवरचे हल्लेखोर ‘कुबेर’ नावाची मासेमारी नौका बळकावून आले. त्यानंतर किनारी राज्यांच्या नौकांना ठरावीक रंग नेमून देण्याचे धोरण आले, आणि बाजूवर नोंदणीक्रमांक ठळक दिसणे सक्तीचे झाले. सुरक्षेचे कारण आम्हांला पटते. तरीही किनाऱ्यावर होडीच्या बाजूंवर जे लिहिले जात होते, ते एक लोकवाङ्मय होते, आणि ते बदलण्यापूर्वी वाचायला आपल्यापैकी कोणी गेले नाही. ओव्या गोळा केल्या गेल्या, उखाणे गोळा केले गेले. होडीची बाजू मात्र राहिली. ती वरवरची होती ना.

अजिंठ्याच्या भिंतीवर पाचव्या शतकातले एक जहाज रंगवलेले आहे. त्या काळच्या जहाजांची लाकडे केव्हाच गेली, बांधणीचे नकाशे कधी असलेच तर तेही गेले. चित्रातला रंगाचा थर उरला. त्या थरावरून गोव्यात दिवाडी बेटावर काथ्याने फळ्या शिवून एक जहाज बांधले गेले. ‘कौंडिण्य’ या नावाने ते मे २०२५ मध्ये नौदलात दाखल झाले, आणि डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. शिवणारे हात केरळातल्या कारागिरांचे होते, हिशेब आजच्या अभियंत्यांचे. पण आकार आला तो भिंतीवरच्या पृष्ठभागातून.

आमच्या होडीचा दुसरा हात गेल्या आठवड्यात झाला. एकाने रोलर फिरवायचा, दुसऱ्याने लगेच मागून कोरड्या ब्रशने हलकी ओढ द्यायची. ओली कड सुकू द्यायची नाही. निम्मी बाजू झाली आणि पिंपळाचे एक पान येऊन चिकटले. मामा म्हणाले, आता हात लावू नका, सुकल्यावर घासू. नाव अजून ठरलेले नाही. नावाची अक्षरे मात्र तेच काढणार आहेत, आणि ‘र’ला सावली देणार आहेत, एवढे त्यांनी परस्पर ठरवून टाकले आहे.