कळ दाबा, नाहीतर मरा

'रेसिडेंट इव्हिल ४' (२००५) मधील क्राउसरबरोबरची चाकूची झुंज हे मुळात एक चलच्चित्र. आपण हात सैल सोडून संवाद ऐकत असतो, आणि अकस्मात पडद्यावर दोन कळांची चिन्हे उमटतात. क्षणार्धात त्या दाबल्या नाहीत तर नायक ठार. मग तेच संवाद पुन्हा. कोणती जोडी येणार हेही बदलते, म्हणजे पाठांतरही व्यर्थ.

याला खेळ म्हणण्यास आम्ही तयार नाही. खेळात मरणाला कारण असते: अंतर चुकले, नेम चुकला, गोळ्या उधळल्या. इथे शिकण्याजोगे काहीच नाही. आणि ज्याची बोटे संधिवाताने आखडली आहेत, त्याला तर दारच बंद. यामुळे प्रसंगात थरार येतो, असे समर्थक म्हणतात. पण आमची नजर चिन्हाची वाट पाहण्यात गुंतलेली. प्रसंग पाहतो कोण? (१९८३ च्या 'ड्रॅगन्स लेअर'ला सबब तरी होती: लेझरडिस्कवरची चित्रे आधीच रंगवलेली, खेळणाऱ्याने योग्य क्षणी दांडी हलवायची वा तलवारीची कळ दाबायची, इतकेच शक्य होते.)

२०२३ च्या पुनर्निर्मितीत हीच झुंज खरोखर खेळावी लागते. वार येताना दिसतो, तो चाकूने परतवायचा. तिथे आम्ही अनेकदा मेलो, तक्रार नाही.